पाहुण्याचं विमान आणि आमची कावड

दुसरं महायुद्ध संपल्यावर शेलूहून एक तरुण माझ्या धाकट्या बहिणीला बघायला कळंबला आला. लढाईत विमानं दुरुस्त करत होतो, असं सांगायचा. तेव्हा खाकी कपड्यांत परतलेला जो तो गोऱ्या साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसल्याच्या बाता मारायचा. म्हणून वडिलांनी त्याला तपासायचं काम मला दिलं. मी मॅट्रिकला दोनदा बसलेलो, म्हणजे घरातला विद्वान. बहिणीचं लग्न माझ्या होकारावर अडलेलं.

पोहे संपायच्या आत मी विचारलं, "विमान जास्तीत जास्त किती पळतं?"

"हवा कशी हाय, त्यावर हाय."

सरळ आकडा न सांगणारा माणूस मला आजही खटकतो. पुढचं तर आणखी संशयाचं. म्हणे, वेगाच्या तबकडीवर तांबडी रेघ असते. शांत हवेतसुद्धा काटा तिच्यापुढे न्यायचा नाही, आणि हवा खवळली की वेग त्याहून बराच खाली आणायचा. हळू असताना विमान चालवायचा दांडा जोरात ओढला तर पंख मोडण्याआधी विमान तरंगणंच सोडतं. भरवेगात ओढला तर पंख जातो. आणि उडताना पंख वाकतात, वाकायलाच हवेत.

वाकणारे पंख! सापडला, असं मला वाटलं. मी तसं बोलून दाखवलं. त्यानं अंगणातल्या पाण्याच्या कावडीकडे बोट केलं.

"हंड्यांचं वजन तेवढंच. सावकाश चाललात तर बांबू वाकंल नि सावरंल. पळत येऊन ओट्यावर उडी माराल तर नाय टिकायचा. मारू नका."

मी कावड खांद्यावर घेतली, पळत आलो आणि मारली. कावड मधोमध मोडली, पाणी वडिलांच्या अंगावर. मी उठलो तो आधी मोडलेल्या टोकावर चाकूची खूण शोधली. नव्हती.

"तुमी कुठल्या वेगानं चालवायचात?" मी शेवटचा डाव टाकला.

"मी कधी चालवलंच नाय. पायलट उतरला की इचारायचं, रेघ ओलांडली का. तो नाय म्हणायचा. तरी मी पंखाचा रिवेट न् रिवेट, म्हंजी पत्र्याचा खिळा न् खिळा, चाचपायचो. तो खोटं बोलला असंल तर उद्या दुसरा मरंल."

माझ्याहून संशयी माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. वडिलांनी धोतर पिळत माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"पोरीला इचारा की रं कुणीतरी," वडील म्हणाले.

बहीण दारातच होती. "दादा पळाया लागला, तवाच मी हो म्हणायचं ठरवलं व्हतं," ती म्हणाली.