गॅलरीतली काळी वायर

विजेला मी लहानपणापासून घाबरते. दिव्याचं बटण दाबायच्या आधीसुद्धा हात पदराला पुसून घेते, आणि यावरून सासरी माझी यथेच्छ चेष्टा झालेली आहे. त्यामुळे नवऱ्याने घरातला कॉम्प्युटर समोरच्या इमारतीतल्या मित्राच्या कॉम्प्युटरला वायरने जोडायचं ठरवलं, तेव्हा मी घाबरले याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवलीत नुकतेच स्थिरावलो होतो. नवरा आणि तो मित्र वागळे इस्टेटमध्ये एकाच कारखान्यात होते. मित्राकडे फोनवरून इंटरनेट चालायचं, आमच्याकडे नव्हतं. वायर ओढली की दोघांना आपापल्या घरात बसून कॉम्प्युटरच्या खेळात एकमेकांवर गोळ्या झाडता येणार होत्या, आणि मित्राच्या फोनवरून बाहेरच्या जगावरसुद्धा. पोराबाळांचे बाप दोघे, पण उत्साह असा की घरात मुंज निघाली असावी.

वायर टीव्हीच्या केबलसारखी जाड आणि काळी होती. सुतळीला दगड बांधून तो या गॅलरीतून त्या गॅलरीत फेकला गेला, मागोमाग वायर गेली. आमच्या बाजूला ती ग्रिलमधून आत घेतली आणि हलू नये म्हणून ग्रिललाच आवळून बांधली. आमच्याकडे कारखान्यांवरून येणाऱ्या हवेने लोखंड कितीही रंगवा, पोपडे सुटायचेच. त्या खरखरीत गंजावर वायर बांधलेली मला दिसत होती. पण वायरीतलं मला काय कळतं, म्हणून गप्प बसले.

आणि आमच्या घरात गॅलरी म्हणजे अर्धं घर. कपडे तिथे वाळायचे, भांडी तिथे निथळायची, आणि तीन वर्षांची लेक सगळा दिवस तिथे.

आठवडाभरात एकदा कपडे वाळत घालताना माझा हात ग्रिलला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. हातातली चादर खाली पडली. मी ओरडले तसा नवरा आला, त्याने ग्रिल मुठीत गच्च धरली आणि म्हणाला, "कुठंय शॉक?" त्याला काहीच लागलं नाही. संध्याकाळी मित्र आला, त्यानेही धरून पाहिली. "वहिनी, त्या वायरीतून करंट जातच नाही. नुसता सिग्नल जातो. करंट तुमच्याच अंगात आहे." दोघे खो खो हसले.

मला आधी राग आला, मग स्वतःचीच शंका आली. भित्र्या माणसाचं हेच वाईट, खरं लागलं तरी ते भीतीच्या खात्यावर जमा होतं. मी ग्रिलला हात लावणं सोडलं आणि कपडे काठीने वाळत घालू लागले. लेकीला सतत आत ओढत राहिले. दार लावून घेतलं की ती रडून घर डोक्यावर घ्यायची, आणि नवरा म्हणायचा, "अगं, खेळू दे की तिला."

एका रविवारी सकाळी तिला आंघोळ घातली. टॉवेल घ्यायला वळले तेवढ्यात ती ओल्या पायांनी पळाली. मी मागे गेले तर ती गॅलरीत उभी. नुकतेच कपडे वाळत घातल्यामुळे लादीवर पाणी साचलेलं. तिने ग्रिलला एक बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि खुदकन हसली.

"आई, गुदगुल्या!"

मग तिने दोन्ही हात पुढे केले.

ओरडावं, तर दचकली की हाताशी येईल ते घट्ट धरायची तिची सवय. धावावं, तर पकडापकडी समजून ती उलट ग्रिलकडेच पळाली असती. मी दारातच थांबले.

"पिल्ला, लाडू हवा?"

ती वळून माझ्याकडे बघू लागली. हात तसेच वर, ग्रिलपासून वीतभर.

"बेसनाचा?"

"हो गं. ये, आईकडे ये."

तिने पुन्हा एकदा ग्रिलकडे पाहिलं. मी हसत होते. दोन्ही हात पसरले होते. मग ती दुडुदुडु आली आणि मी तिला उचलून छातीशी इतकं आवळलं की ती कळवळली.

नवरा आत कानांवर हेडफोन लावून खेळत होता. पायांत चपला.

"अहो, चपला काढा."

"एक मिनिट थांब, मरेन मी!"

मी हेडफोन ओढून काढले. "चपला काढा आणि गॅलरीत चला."

माझा चेहरा पाहून त्याने चपला काढल्या. अनवाणी ओल्या लादीवर गेला, एक बोट ग्रिलला लावलं, आणि त्याचा सबंध हात झटक्याने मागे आला. पुढच्या क्षणी तो आत धावला, कॉम्प्युटरची पिन उपटली आणि गॅलरीतून मित्राला ओरडला, "बंद कर! सगळं बंद कर!"

मित्र धावत आला. दोघांनी मिळून शोधलं. गंजाने वायरचं वरचं आवरण खरवडलं होतं आणि आतली तांब्याची जाळी ग्रिलला टेकली होती. मित्राने आपल्या कॉम्प्युटरची पिन जुन्या सॉकेटात बसावी म्हणून तिचा अर्थिंगचा पाय कापून टाकला होता. आमच्या इमारतीत अर्थिंग नावापुरतंच. दोन्ही कॉम्प्युटरच्या पेट्यांत झिरपणारी वीज जमिनीत जाण्याऐवजी त्या जाळीतून आमच्या ग्रिलमध्ये उतरत होती. हे दोघे घरात रबरी चपला घालायचे. घरात देवघर आहे म्हणून मी कधी घातल्या नाहीत, आणि लेकीने माझंच पाहिलेलं.

मित्र मान खाली घालून वायर सोडवत होता. नवरा लेकीसमोर उकिडवा बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बाळा, तू त्या ग्रिलला हात लावलास? कधी लावलास?"

तोंडभर लाडू होता. तो गिळून ती म्हणाली,

"रोज."