आमच्या खोलीचं विशेषण

परवा शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्याला चुना मारत होते. तो ओला वास नाकात गेला आणि इतक्या वर्षांनी माझं डोकं पुन्हा तापलं.

ऐंशीच्या दशकात मी भांडुपच्या मराठी शाळेत सातवीला होते. गणपती तोंडावर आले होते. बाबांनी चुन्यात नीळ कालवून आमची चाळीतली एकुलती एक खोली रंगवली होती. भिंती घासून आईचे हात सोलवटले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात इंग्रजीच्या सरांनी विशेषणांचे प्रकार शिकवले आणि गुणविशेषणाचं वाक्य विचारलं. मी ताडकन उठले. "अवर रूम इज ब्यूटिफुल."

"चाळीतली खोली आणि ब्यूटिफुल?" सर हसले. "स्मॉल म्हण, स्मॉल!"

सगळा वर्ग खिदळला. मी मान खाली घालून स्मॉल म्हटलं. तेव्हा मला आमच्या खोलीची लाज वाटली, याचा आज सगळ्यात जास्त संताप येतो.

घरी जाऊन रडत रडत आईला सांगितलं. गणपतीचा पाट पुसता पुसता ती एवढंच म्हणाली, "तुजे सर कधी इल्ले आपल्या खोलीत?"

नव्हते आले. आमचं दार कुठल्या गल्लीत उघडतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आणि विशेषण मात्र तेच ठरवणार!