कुत्रे काढलेली सायकल

माझा आतेभाऊ अकोल्याच्या एका छापखान्यात जुळारी होता. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, पट्टीत बसवायचे, ओळ भरली की दुसरी धरायची. तो माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणे. मी अमरावतीला कॉलेजात होतो. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील वकील, पण कोर्टापेक्षा सभांमध्ये रमणारे. मी वाचायला शिकलो तो पत्रकांवरच, आणि पुढे आलेली बरीच दादानं जुळवलेली होती. पुढाऱ्यांबद्दल वाटला नाही इतका आदर मला त्याच्या बोटांबद्दल वाटे.

त्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका मैदानात सायकलवाला उस्ताद आला. आठवडाभर सायकलवरून उतरायचं नाही, जेवणखाण, अंघोळ, दाढी सगळं चालत्या सायकलवर. माणसं बायकापोरं घेऊन बघायला जात. दादा रोज छापखान्यातून परस्पर तिथे. शेवटच्या दिवशी उस्तादानं त्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं की पुढच्या हंगामापर्यंत तूही असा आठवडा काढून दाखव, मी तुला माझ्यासोबत गावोगाव नेतो. दादाला तेवढं पुरलं.

मला असले खेळ तेव्हाही पटत नव्हते, आजही नाहीत. माणूस झिजतो आहे हे समोर दिसत असताना टाळ्या वाजवायच्या, आणि त्याला करमणूक म्हणायचं. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं.

तो म्हणाला, "आन् मी छापखान्यात झिजून राहिलो थे तुले दिसत नाई? तिथं तं कोनी टाळ्याई वाजवत नाई."

मी आवाज चढवून तेच पुन्हा सांगितलं. तो हसत राहिला.

अमरावतीच्या एका निवृत्त इंजिनियरकडे जुनी विलायती रेसिंग सायकल पडून होती. पोलादी सांगाडा, मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेलं हँडल, चेनवर झाकण नाही. दादा ती घेऊन आमच्या घराजवळच्या सायकलच्या दुकानात आला. दुकानदार चाचा गप्पिष्ट माणूस, उस्तादाचा खेळ त्यानंही पाहिला होता आणि दादापेक्षा त्यालाच जास्त हौस आली होती.

साध्या सायकलचं मागचं चाक पाय थांबले तरी फिरत राहतं. त्याच्या मध्यावर चेन बसते त्या दातेरी चक्राच्या पोटात दोन छोटे खटके असतात, त्यांना कारागीर कुत्रे म्हणतात. उतारावर जी टिकटिक ऐकू येते ती त्यांचीच. चाचानं चक्र खोललं, कुत्रे काढून टाकले आणि सगळं वेल्डिंग करून एकजीव केलं. आता चाक फिरलं की पेडल फिरणार, पेडल फिरलं की पाय फिरणार. सायकल उलटी चालवता येते, जागच्या जागी तोलून धरता येते. आणि खरं कारण वेगळंच होतं. सायकलवर डुलकी लागली तर साध्या सायकलवर पाय थांबतात आणि माणूस पडतो. या सायकलवर झोपलेल्या माणसाचे पायही चाक फिरवून घेतं.

"अब इसको छुट्टी नहीं मिलेगी," चाचा कौतुकानं म्हणाला. "तू सो जा, गाडी तेरेको चलाएगी."

दोन्ही ब्रेकही काढले, कारण हँडल गोल फिरवण्याच्या खेळात त्यांच्या तारा आड येत होत्या. कॅम्प भागातल्या उतारावर दादानं पहिली फेरी मारली. सवयीनं त्यानं पाय थांबवले आणि पेडलनं त्याला सीटवरून असा उचलून फेकला की कसाबसा सावरला. तो हसत परत आला. मला मात्र त्या सायकलचा आवाज बंद झालेला आवडला नाही. ती मागून आली तरी कळत नसे. एकदा अंगणात मी ती उलटी करून चाक फिरवलं, चेन पुसायला फडकं लावलं, आणि फडकं हातातून ओढून नेऊन चक्राच्या दातांत चिरडून बाहेर आलं. मी दादाला ते दाखवलं.

"तुह्या हातात पत्रकच बरं," तो म्हणाला.

पुढच्या हंगामात त्याच्या मोहल्ल्यातल्या मंडळानं दादाचा खेळ ठरवला. जाहिरात दादाच्याच छापखान्यात छापली आणि ती दादानंच जुळवली. सगळ्यात मोठ्या लाकडी टायपात वर ओळ होती, मरण पत्करीन पण जमिनीला पाय लावणार नाही. मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो तेव्हा स्टेशनच्या भिंतीवर तीच आधी दिसली.

"ही ओळ कोणाची?" मी दादाला विचारलं.

"मंडळाच्या अध्यक्षाची."

"मग मरण त्यालाच पत्करू दे."

"त्याले सायकल येत नाई, बाप्पा."

पहिले दोन दिवस चांगले गेले. दादा उलटा फिरला, हँडलवर पाय ठेवून फिरला, चालता चालता दाढी केली. आत्या रोज संध्याकाळी ताट घेऊन यायची आणि मुलाबरोबर गोल चालत त्याला ओवाळायची, कारण तो थांबणार नव्हता. तिला कुंकू नीट लावता येत नसे, ते कधी भुवईवर जाई, कधी नाकावर. लोक हसत. तीही हसायची.

मग त्याचे डोळे बदलले. उघडे असत, पण समोरच्याला ओळखत नसत. पाय मात्र फिरत होते. मैदानाच्या कडेला उभं राहून मी ते पाय बघत असे, आणि दादा ते फिरवतो आहे असं मला वाटेनासं झालं. मी अध्यक्षाला म्हणालो, बस झालं, उतरवा त्याला.

"तुमी अमरावतीचे सायब," तो म्हणाला, "भाषण करासाठी आले असान तं माईक देतो."

आमच्याकडे सत्कार म्हटला की उपरणं आलंच. शाळेचा मास्तर असो की पैलवान, गळ्यात उपरणं टाकल्याशिवाय त्याचा मान झाला असं कोणालाच वाटत नाही. शेवटच्या दिवशी दुपारपासून रांग लागली; दिवस बुडाला की आठवडा पुरा होणार होता. दादा समोरून जाई, कोणीतरी धावत जाऊन त्याच्या खांद्यावर उपरणं टाकी, माईकवर नाव पुकारलं जाई. उपरणं घसरे, दादा उजव्या हातानं ओढून मागे फेके. चेनवर झाकण नसलेल्या, न थांबणाऱ्या सायकलवरच्या माणसाच्या गळ्यात लांब कापडं घालू नयेत, हे त्या मैदानात कोणालाही सुचलं नाही. कारण ते कापड नव्हतं, तो मान होता. मी ओरडून सांगितलं, तर एकजण म्हणाला, "याले भावाचा मान पाहून जळते."

ऊन उतरायला लागलं होतं. एका उपरण्याचं टोक चेनवर पडलं आणि पुढच्या चक्रात गेलं. दादा मानेनं खाली ओढला गेला. त्यानं वाकून हातानं ते उपसायला घेतलं. पाय थांबवता आले असते तर चेन थांबली असती. पाय थांबले नाहीत.

तो ओरडला नाही. उपरणं सुटलं, तो सरळ झाला आणि तेच उपरणं हाताला गुंडाळून पुढे निघाला. कापड लाल होत गेलं तेव्हा लोकांना वाटलं की हाही खेळातला भाग. टाळ्या पडल्या. उजव्या हाताची तर्जनी मधून तुटली होती. खिळा उचलायचं बोट.

मी धावत जाऊन सीट धरली, तर मंडळाच्या दोघांनी मला मागे खेचलं. दिवस बुडायला अवकाश होता. तेवढ्यात आत्या मैदानात शिरली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. ब्रेक नव्हता. दादानं सगळा जोर पायांत उलटा लावला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर सायकल थोपवली. ती जागच्या जागी डुलत राहिली.

"उतर."

"आई, दिवस बुडू दे."

"तुह्या हातातून रगत चाल्लं."

"जमिनीले पाय लावता येत नाई वं मले."

आत्यानं खाली बसून डोक्यावरचा पदर काढला आणि मातीवर पसरला. "जमिनीले नको लावू," ती म्हणाली. "याच्यावर टेक."

दादानं पदराकडे पाहिलं, मग माईककडे. आणि पाय टेकला.

मी आणि आत्यानं त्याला धरून टांग्यात घातलं. मागे मंडळाचे लोक भांडत होते. पदर म्हणजे जमीन धरायची की नाही? कोणी म्हणे जिंकला, कोणी म्हणे पदराखाली जमीनच होती ना. त्यांच्यापैकी टांग्यापर्यंत एकही आला नाही. दवाखान्यात हात बांधून झाल्यावर दादा शुद्धीत आला. मी वाट बघत होतो की तो बोटाचं विचारेल.

"काय ठरलं?" त्यानं विचारलं.

ठरलं की हरला. उस्ताद पुन्हा त्या गावाला फिरकला नाही. छापखान्याच्या मालकानं दादाला काढलं नाही, पण खिळ्यांवरून उठवून कागद घड्या करायला बसवलं. मी गेलो की तो डाव्या हातानं एखादी ओळ जुळवून दाखवी. ओळ सरळ येत नसे.

वर्ष उलटलं आणि मंडळाचे लोक सायकल मागायला आले. एक नवा तरुण तयार झाला होता, दंड भरलेले, चेहरा आनंदी. मी तेव्हा आत्याकडे आलो होतो, दाराशीच त्यांना सुनावलं. आत्या आतून बाहेर आली नाही.

दादानं मला बाजूला केलं. "मी देल्ली नाई तं थे दुसरी बनवतीन," तो म्हणाला. "हिचं मले माईत तरी आहे."

त्यानं सायकल बाहेर काढली, त्या तरुणाच्या उंचीला सीट लावून दिली, वळताना अंग कसं टाकायचं ते दाखवलं. मग म्हणाला, "गळ्यातलं काही चेनमंदी गेलं, तं हात घालू नको. सरळ पडून जाजो."

तरुण हसला. "पडलो तं हरलो ना, भाऊ," तो म्हणाला, आणि सायकलवर बसून निघाला. आवाज न करता ती गल्लीच्या टोकाला वळली.