मादामच्या मागून चालणारी ओदील

आमच्या लवार नदीकाठच्या गावात ओदील ब्रुसोला एकटीला चालताना कुणी पाहिलं नसेल. पुढे काठी टेकत मादाम द व्हेर्नी. मागे दोन पावलांवर ओदील, हातात छत्री नि शाल. तरुणपणी त्यांच्याकडे कामाला लागली, ती अशीच चालत म्हातारी झाली.

पूर्वी मादाम हवापालटाला विशी नावाच्या गावी जायच्या. हॉटेलवाला नोंद करी, 'मादाम द व्हेर्नी आणि त्यांचा स्वीत', म्हणजे लवाजमा.

"मेला माझ्या मागेच बघत राहिला, बाकीची माणसं कधी येतात म्हणून!" ओदील हसून सांगायची. "म्हटलं, अहो, स्वीत तो मीच."

हा शब्द 'मागून जाणे' यावरून आला, राजाच्या मागून चालणारे ते त्याचे स्वीत, आणि इंग्रजांनीही तो आपल्या फ्रेंचमधूनच उचलला, असं पाद्रीबाबांनी तिला समजावलं होतं.

"मग प्रभूच्या मागून गेलेले शिष्य?"

"तेही, बाई."

त्या दिवशी तिचा चेहरा फुलला होता.

पुढे मादामना विसर पडू लागला. भाचा गास्पार त्यांना लियोंला न्यायला आला. ओदीलला बरोबर जायचं होतं. दुसरं घर तिला नव्हतंच. गास्पार काही वाईट नव्हे. म्हणाला, "आत्यानं तुम्हाला ओळखलं तर चला. अनोळखी माणूस खोलीत दिसलं की ती रात्रभर ओरडते हो."

अंगणात चाकाच्या खुर्चीपुढे वाकून त्यानं विचारलं, "आत्या, बरोबर कुणाला घ्यायचं?"

मादामनी समोर पाहिलं. "इथे आहे कोण?"

ओदील खुर्चीच्या मागे उभी. निरोप द्यायला आलेली मी कुजबुजले, "अगं, पुढे हो की!"

"बोलावल्याशिवाय?"

मी तिला ढकललंच. ती समोर आली. मादामनी तिला निरखून पाहिलं.

"जरा बाजूला व्हा हो. माझी ओदील येतेय मागून."

"मादाम, मीच ओदील."

"काहीतरीच! ओदील अशी तोंडासमोर येऊन उभी राहत नाही. चांगल्या वळणाची आहे ती."

मी गास्पारला म्हटलं, "अरे, तिचीच तर वाट बघताहेत!"

"कळतंय हो मला. पण यांना बघून आत्या घाबरली, तर मी काय करू?"

गाडीत बसवताना मादाम मान वळवून मागे बघत होत्या, आणि ओदील त्यांच्या समोरच, दाराशी उभी होती. गास्पारनं हळूच दार लावलं.

रविवारी मारियामातेपुढे मी ओदीलसाठी मेणबत्ती लावली. काय मागावं, तेच कळेना. तशीच उभी राहिले आणि घरी आले.