गव्हाचं सोवळं

पद्मामामी म्हटलं की मला आधी आठवतात ते त्यांचे ओले केस. माझी ईरा दुपारी अडीचला शाळेतून यायची आणि त्याआधी मामी दिवसातली दुसरी आंघोळ उरकायच्या. सकाळी त्यांनी मामांसाठी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यासाठी, पोळ्या लाटलेल्या असत. त्या पिठाचा कण आपल्या अंगावरून ईराच्या ताटात जाऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

ईराला गहू चालत नाही. रवा, मैदा, काहीही चिमूटभर पोटात गेलं की तिची आतडी सुजायची, पोट दुखायचं आणि वजन जागचं हलायचं नाही. सातव्या वर्षी ती चार वर्षांची दिसायची. आम्ही साताऱ्याहून बदलीवर चेन्नईत आलेलो. घर मैलापूरला, ऑफिस गिंडीला, मला परतायला साडेसहा. खालच्या मजल्यावर मामी राहायच्या. मूळच्या तंजावरच्या, कित्येक पिढ्या इकडेच वाढलेलं मराठी घर. आमच्या दारावरचं आडनाव वाचून त्या आपणहून वर आल्या.

"मराठी माणसं काय मा तुम्ही? मग पोरीला दुसऱ्याकडे कशाला ठेवता?"

मी आजाराचं सगळं सांगितलं. दुसरी कोणी असती तर हात झटकून मोकळी झाली असती. मामी म्हणाल्या, "म्हणजे सोवळंच की हे. सासूबाईंनी तीस वर्षं करवून घेतलं माझ्याकडून. देवाला केलं, आता पाप्पाला करीन."

आणि त्यांनी ते केलं. पाप्पा म्हणजे बाळ, आणि मला बोलताना लावायच्या ते 'मा' म्हणजे 'अगं बाई'. या बाळाची कढई, पळी, ताटली, सगळं वरच्या फळीवर वेगळं. एकदा मामांनी पोळी खाता खाता ईराच्या भांड्यातली काकडीची पचडी वाढून घेतली. मामींनी भांडंभर पचडी मामांच्याच पानात उपडी केली आणि ईरासाठी नव्याने काकडी चोचवायला बसल्या. मामा ओशाळले, तर म्हणाल्या, "परवा इल्लै." असू दे, काही बिघडत नाही, असा त्या तमिळ शब्दांचा अर्थ. मिक्सर जळला तरी परवा इल्लै, लेकाने सणाला येणं रद्द केलं तरी परवा इल्लै.

मला फक्त त्यांचं वरण आवडायचं नाही. त्यात हिंग नसायचा. हिंगाविना फोडणी म्हणजे आमच्या साताऱ्याला आजाऱ्याचं जेवण. शेवटी मी माझ्याकडची हिंगाची एक कोरी डबी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हिंग कशात कालवतात, कोण पाहिलंय मा? माझ्या डोळ्यांसमोर झालं नाही ते पाप्पाच्या ताटात नाही."

मला हसू आलं. वर येऊन मी नवऱ्याला सांगितलं, मामींचं सोवळं आता हिंगापर्यंत पोचलं. आम्ही दोघंही पोटभर हसलो.

पुढच्या तपासणीत ईराचं रक्त होतं तसंच निघालं. "कुठून तरी गहू जातोय," डॉक्टर म्हणाले. माझ्या घरात तर गव्हाचा दाणा नव्हता. उरलं ते पोळ्यांचं घर. मी खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता थेट मामींच्या दारात गेले.

"तुमच्या घरात रोज पोळ्या लाटतात मामी. तिथं पोर ठेवली, माझंच चुकलं."

मामा काहीतरी बोलायला उठले. मामींनी हातानेच त्यांना बसवलं. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "परवा इल्लै मा. पाप्पा बरी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी आमच्या कडीला एक कापडी पिशवी अडकवलेली होती. ईराची भांडी. मी ती न उघडताच माळ्यावर टाकली. दोन महिन्यांनी त्यांचा लेक मामा-मामींना कोइम्बतूरला घेऊन गेला. त्या सकाळी मी मुद्दाम लवकर ऑफिसला निघाले.

आता ईरा फक्त माझ्या हातचं खात होती. तरी रक्त तसंच. मग एका आहारतज्ज्ञ बाईंनी घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक पाकीट घेऊन बोलावलं. हिंगाची डबी मी उगाच, राहायला नको म्हणून सोबत घेतली होती. बाईंनी तीच उचलली, उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. गव्हाचं पीठ.

"हा रोज घालता?"

रोज. दोन्ही वेळा. माझ्याच हाताने.

घरी येऊन मी माळ्यावरची पिशवी काढली. कढई, पळी, ताटली आणि तळाशी मी दिलेली हिंगाची डबी. तिचं सीलही फोडलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. हे मामींनी त्या दिवशी दारातच दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण दाखवलं असतं तरी मी ऐकलं असतं का, हेही मला ठाऊक आहे.

त्यांच्या लेकाचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला नाही. लाज वाटली. मग मनाला समजावलं, ईराचा रिपोर्ट चांगला येऊ दे, रिकाम्या हाताने माफी कशी मागायची? रिपोर्ट यायला चार महिने लागले. चांगला आला. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी फोन लावला.

"अम्मा गेली," लेक म्हणाला. "बारा दिवस झाले."

 मग तोच अडखळत बोलत राहिला, "ती विचारत होती, पाप्पाचं वजन वाढलं का. फोन कर म्हणाली दोनतीनदा. तुम्ही रागात असाल म्हणून मीच केला नाही."

"वाढलं," मी म्हणाले. "दोन किलो वाढलं."

"सरी, बरं," तो म्हणाला. "सांगतो तिला."