आईला न लागणारी गाडी

माझ्या आईला गाडी लागते. म्हणजे थोडीशी मळमळ वगैरे नव्हे. डिझेलचा वास नाकात गेला की पोटातलं सगळं बाहेर, आणि पुढं दोन दिवस अंथरूण. नऊ वर्षांपूर्वी मी शाहूपुरीत घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीसाठी आजऱ्याहून निघालेली आई उत्तूरलाच एसटीतून उतरली. दोन तास झाडाखाली पडून राहिली आणि मग भाऊ तिला मोटरसायकलवर घालून परत घेऊन गेला. त्या दिवसापासून चार चाकांच्या गाडीत बसायचं नाव नाही. माझं घर तिनं पाहिलंच नव्हतं. मला याचा भयंकर राग यायचा, आणि आईवर काढता येत नाही म्हणून तो मी एसटीवर काढायची.

गेल्या वर्षी माझ्या एका गिऱ्हाइकानं मला तिच्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीतून दुकानापर्यंत सोडलं. माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. उतरताना मी तिला गाडीची किंमत विचारली नाही, मायलेज विचारलं नाही. सीटला नाक लावून वास घेतला. कसलाच वास नव्हता. त्या क्षणी माझं ठरलं. छप्पन्नाव्या वर्षी गाडी शिकले, दोनदा कुंपणात घातली, आणि तसलीच गाडी घेतली.

मग लोकांचे प्रश्न. किती चालती? चार्ज व्हायला किती वेळ? मला सगळं पाठ झालं. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली तर रिकामी गाडी भरायला सात-आठ तास, हायवेवरच्या फास्ट चार्जरला तासभर. कंपनी म्हणते दोनशे किलोमीटर. आपल्या रस्त्यांवर, एसी लावून, एकशे वीस. आजरा पंच्याऐंशी. जाऊन येणं एका दमात होत नाही, म्हणून आईच्या घरी सॉकेट हवा. तो वायरमनकडून बसवून घेतला आणि भर श्रावणात मी चार्जरची पिशवी खांद्याला लावून, एसटीनं, नुसता तो सॉकेट तपासायला गेले. चार्जरवर हिरवा दिवा लागला. भाऊ पोट धरून हसला. "आक्का, गाडी घेतलीस का मोबाईल?" म्हणाला.

आईला पटवायला चैत्र उजाडला. "एकदा येतो," ती म्हणाली. "पण मळमळलं, तर हितनं फुडं मला बोलवायचं न्हाय. कुणाच्या लग्नालाबी न्हाय." आई बोलते ते करते. म्हणजे मला एकच संधी होती.

सकाळी सहाला निघाले. हायवेवर ज्या चार्जरच्या भरवशावर थोडा धीर होता, तिथं 'बंद' अशी पाटी लटकत होती. चढ लागले, घाबरून मी एसी बंद केला, घामानं निथळत नऊला आजऱ्यात पोचले तेव्हा चोवीस टक्के उरले होते. आई दारातच होती. इरकल नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, तोंड एवढंसं करून.

"पाच तास चार्ज करायची, मग निघायचं," मी सांगितलं आणि मोठ्या ऐटीत चार्जर लावला. दिवा लाल.

काढला, परत लावला. लाल. वायरमनला फोन लावला आणि जरा मोठ्यानंच बोलले. तो बिचारा म्हणाला, "बाई, सॉकेट ठीक हाय, अर्थिंग मिळंना झालंय. आज मी हातकणंगल्यात हाय, उद्या येतो." अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली तार; ती नीट नसली की चार्जर वीज घेतच नाही, आणि ते आपल्याच जिवासाठी असतं. पण श्रावणात मिळत होतं ते चैत्रात कुठं गेलं, हे मला कळेना.

भाऊ म्हणाला, "सोड की. मी जीपनं सोडतो दोघींला." जीप डिझेलची. आई उठली, पिशवी आत नेऊन ठेवली आणि इरकल सोडायला निघाली. मी रडकुंडीला आले. एवढी गाडी घेतली, एवढं शिकले, आणि सगळं एका लाल दिव्यावर अडावं!

आतून आईचा आवाज आला. "अर्थिंग म्हंजे गिरणीचं तेच न्हवं?"

वडिलांची पिठाची गिरणी याच घराच्या बाजूला होती. ते गेले, गिरणी विकली, पण घराची तार अजून गिरणीच्याच खड्ड्यात उतरलेली होती. "उन्हाळ्यात दोन दिस पाणी घातलं न्हाय की गिरणीचा पत्रा झटकं मारायचा," आई बाहेर येत म्हणाली. "भुई वाळती. रोज सकाळी मीच वतत हुते की घागर. मीठबी टाकायचं." खड्डा कुठं आहे हे भावाला माहीत नव्हतं. आईला होतं. सरपणाच्या ढिगाखाली.

मी भावाला ढीग उपसायला लावला. उपकार म्हणून नाही, त्या मोबाईलच्या टोमण्याबद्दल. आईनं पदर खोचून स्वतः मुठीनं मीठ टाकलं, आणि भाऊ बादल्या आणत राहिला. सहा, सात, आठ. कोरडी माती पाणी गटागटा पीत होती. अर्ध्या तासानं चार्जर लावला.

हिरवा! मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची माणसं काय झालं म्हणून बाहेर आली.  आई आत गेली आणि पिशवी घेऊन परत येऊन बसली.

चारला निघालो, पंच्याऐंशी टक्क्यांवर. आई पुढं बसली. डोळे मिटलेले, नाकाला पदर, दुसऱ्या हातानं दार घट्ट धरलेलं. मी एकही खड्डा जोरात घेतला नाही. उत्तूर आलं. मी श्वास रोखून धरला. उत्तूर गेलं. पुढच्या उतारावर आईनं एक डोळा उघडला.

"गाडी बंद पडली व्हय?"

"चालू आहे, आई."

"मग आवाज कसा न्हाय? वासबी न्हाय?" तिनं पदर खाली घेतला. दोनदा हुंगलं. मग सरळ होऊन बसली आणि बाहेर बघू लागली. कागलपर्यंत ती ऊस कुणाचा, विहीर कुणाची, हेच विचारत होती.

साडेसहाला शाहूपुरीत शिरलो. दारासमोर गाडी थांबवली. अठरा टक्के होते. नऊ वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती, धावत जाऊन तिच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हटलं, "आई, हे घर."

आईनं बसल्या जागेवरून वरपासून खालपर्यंत घर बघितलं. पट्टा सोडायला हातसुद्धा हलवला नाही.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "घर काय पळून चाललंय? आधी रंकाळ्याला ने."

मी परत स्टिअरिंगमागं येऊन बसले. डोळे पुसायला सवड मिळाली नाही, मागं रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.