झेंडूची माळ आणि कालव्याची जाळी

जपानमधल्या कावासाकीला निघाले तेव्हा बाबा विमानतळाच्या काचेच्या दारापर्यंत आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई म्हणून हयात घालवलेला माणूस. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली, हे ते रांगेतल्या अनोळखी लोकांनाही सांगत होते. मला एवढंच म्हणाले, "देवाचं सोडू नकोस. आणि तुझ्यापायी दुसऱ्या कुणाला बोलणी खायला लागू नयेत."

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, ही दोन्ही एकदम पाळणं मला पहिल्याच गणपतीत जमलं नाही. शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित केली. निर्माल्य उरलं. इथं कचरा वेगळा करून ठरलेल्या वारी ठेवायचा. आई फोनवर म्हणाली, "देवाची फुलं कचऱ्यात? वाहत्या पाण्यात सोड." मी पहाटे, कुणी बघत नसताना, इमारतीमागच्या कालव्यात सोडली. लपून करावंसं वाटलं, तिथंच समजायला हवं होतं.

चार दिवसांनी लिफ्टपाशी नोटीस लागली. कालव्याच्या जाळीत अडकलेल्या झेंडूच्या माळेचा फोटो, नाव कुणाचंच नाही. पण तळमजल्यावरच्या नेपाळी माया-सानना (आपल्या 'जी'सारखं इथं नावाला 'सान' लावतात) आमच्या रहिवासी मंडळाचे सातो-सान दोनदा विचारून गेले. मी गप्प. घराचा करार नव्यानं व्हायचा होता, आणि दुसरं घर मिळवणं परदेशी माणसाला सोपं नाही.

ऑफिसात शेजारी अमेरिकन हॅना-सान बसते. डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करते, कुणी बघो न बघो. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शेजाऱ्याची काच फोडली की डॅडी मला एकटीला त्यांच्या दारात पाठवायचे. म्हणायचे, अमेरिकन माणूस स्वतःचं स्वतः निस्तरतो." मग हसली. "खरेपणाचा मक्ता आमच्याकडेच आहे असं वाटायचं मला. इथं आल्यावर ते उतरलं."

त्याच संध्याकाळी आधी माया-सानकडे गेले. "दीदी, माळ बघूनच ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "वाट बघत होते, कधी येता ते." ते लागलं.

मग सातो-सानकडे जाऊन माळ माझी होती हे सांगितलं. ते ओरडले नाहीत. फुलं पाण्यात का, ते नीट विचारून घेतलं. "देवाच्या वस्तू आम्हीही कचऱ्यात टाकत नाही, देवळात नेऊन देतो. पण ती जाळी रविवारी आम्ही म्हातारे साफ करतो." कराराचं विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "रविवारी किती वाजता?"

करार झाला. निर्माल्य आता बाल्कनीतल्या कुंडीत मुरतं. आईला ते पटायला वर्ष गेलं. ठरलेल्या रविवारी मी गमबूट घालून कालव्यात उतरते, शेजारी माया-सान.

मागच्या सुट्टीत गावी गेले. ओढ्याच्या पुलाखाली निर्माल्याच्या पिशव्या तुंबलेल्या. आधीची मी नाक मुरडून जपानच्या गोष्टी सांगत बसले असते. या वेळी फावडं मागितलं.

"इंजिनिअर ना गं तू?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," म्हटलं आणि उतरले.

घर मी आता यावरून ओळखते, कुठल्या पाण्यातली घाण आपली वाटते. माझी अशी दोन पाणी आहेत.